पालेभाजी : जुडीपासून ताटापर्यंत

ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि तिच्याबरोबर लसणीच्या फोडणीवर परतलेली पालेभाजी हे जेवण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना नवे नाही. या भाजीला दूध लागत नाही, तूप लागत नाही, मसाल्याचे वाटणही लागत नाही. चमचा-दोन चमचे तेल, चार पाकळ्या लसूण, दोन मिरच्या आणि मीठ एवढ्यावर ती होते व चूल पेटल्यापासून पाव तासाच्या आत ताटात येते. प्राणिज पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्या आहाराची चर्चा अलीकडे शहरांतून बरीच होते. तशा आहारात सहज बसेल असा हा पदार्थ मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आला आहे. त्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला वाटली नाही, इतकेच.

तथापि, पालेभाजी शिजते म्हणजे तिच्यातील सत्त्व ताटात येतेच असे नाही. शेतातून किंवा बाजारातून आणलेली जुडी निवडणे, धुणे, चिरणे, शिजविणे आणि वाढणे या प्रत्येक टप्प्यावर त्यातील काही भाग नाहीसा होतो. काही नुकसान अटळ असते, परंतु बरेचसे टाळता येण्याजोगे असते. ज्या राज्यात स्त्रिया व बालके यांच्यातील रक्तक्षय हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे, तेथे ही बाब केवळ गृहिणीच्या कौशल्याची म्हणून सोडून देता येत नाही. शाळेतील पोषण आहार, अंगणवाडीतील ताजा आहार आणि वसतिगृहांतील भोजन या सर्व ठिकाणी भाजीवर सार्वजनिक पैसा खर्च होतो. त्या पैशाचे मोल बऱ्याच अंशी कढईत ठरते.

रक्तक्षय आणि पालेभाजीची मर्यादा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळून आला. त्याआधीच्या, २०१५-१६ मधील फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ टक्के व ५३.८ टक्के होते. रक्तक्षयाची सर्वच प्रकरणे लोहाच्या उणिवेमुळे होतात असे नाही. जंत, हिवताप, सिकल सेल आजार, फोलेट अथवा ब-१२ या जीवनसत्त्वांची कमतरता ही कारणेही त्यामागे असतात. तरीसुद्धा लोहाची उणीव हे एक प्रमुख कारण आहे आणि आरोग्यविषयक व्याख्यानांतून त्यावर पहिला उपाय सांगितला जातो तो हाच, की पालेभाज्या भरपूर खाव्यात.

हा सल्ला योग्य आहे, परंतु तो ज्या भाषेत दिला जातो तिच्यात थोडी अतिशयोक्ती असते. शंभर ग्रॅम निवडलेल्या पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम, तर मेथीत साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. जुन्या कोष्टकांत काही पालेभाज्यांतील लोहाचे आकडे यापेक्षा कितीतरी मोठे दिलेले होते व ते अद्याप काही तक्त्यांतून आणि भिंतीवरील चित्रांतून आढळतात. ते आता ग्राह्य धरू नयेत. प्रौढ स्त्रीची लोहाची दैनंदिन गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार २९ मिलिग्रॅम आहे. पानांतून पोटात गेलेल्या लोहापैकी दहा टक्क्यांहूनही कमी भाग सामान्यतः रक्तात शोषला जातो. उलट, ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाखाली किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा व गरोदर स्त्रियांना दररोज दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. तेव्हा ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आधीच खाली गेले आहे तिला गोळ्यांऐवजी केवळ पालेभाजी सुचविणे म्हणजे तिचा वेळ दवडणे होय. ब-१२ हे जीवनसत्त्व तर पानांत नसतेच. दूध व अंडीसुद्धा न घेणाऱ्या व्यक्तीने त्याची सोय वेगळी करावयास हवी.

मग पालेभाजीचे महत्त्व कशात? एक तर ज्याचा रक्तक्षय अजून झालेला नाही त्याला ती रोजच्या रोज थोडे थोडे लोह पुरविते. दुसरे म्हणजे रक्तपेशी तयार होण्यास आवश्यक असलेले फोलेट ती देते. या द्रव्याचे नावच पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. डोळ्यांच्या व त्वचेच्या आरोग्यास लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीन हिरव्या पानांत विपुल असते. पानाच्या हिरव्या रंगाखाली गाजराचा पिवळा रंग दडलेला असतो असे म्हटल्यास चूक होणार नाही. क जीवनसत्त्वही पानांत चांगले असते व ते त्याच जेवणातील भाकरीच्या आणि डाळीच्या लोहाला रक्तात जाण्यास मदत करते. म्हणजे भाजी स्वतः देते त्याखेरीज भाकरीतले लोहही कामी आणते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात असे सुचविले आहे, त्यामागील भूमिका ही अशी आहे.

अडचण अशी, की फोलेट आणि क जीवनसत्त्व हे दोन्ही पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे घटक आहेत. कॅरोटीनचे वागणे त्याच्या उलट आहे. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते; पान शिजून मऊ झाल्यावर आणि सोबत थोडा स्निग्धांश असल्यावर शरीर ते अधिक चांगले घेते. म्हणून कच्चा पाला खाणे हाच उत्तम मार्ग, असे जे कधीकधी सांगण्यात येते ते अर्धेच खरे आहे. पालेभाजी थोड्या तेलात, कमी पाण्यात आणि थोडा वेळ शिजवावी, या एका वाक्यात दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. पुढील सर्व तपशील या वाक्याचाच विस्तार होय.

माठाची परतलेली भाजी

उदाहरणादाखल लाल किंवा हिरव्या माठाची साधी परतलेली भाजी घेऊ. पाच माणसांच्या कुटुंबाला निवडलेला अर्धा किलो पाला लागतो. तेल दोन लहान चमचे, लसणीच्या सहा-सात पाकळ्या, दोन-तीन हिरव्या किंवा सुक्या मिरच्या, एखादा कांदा, चवीपुरते मीठ आणि वरून घालण्यास मूठभर ओले खोबरे किंवा दाण्याचा कूट. कोकणात खोबरे, देशावर व वऱ्हाडात कूट, असा साधारण भेद आहे. दोन्हींतून भाजीला थोडा स्निग्धांश मिळतो व दाण्यामुळे प्रथिनांचीही भर पडते.

भाजी निवडताना पिवळी, किडकी व चिकट झालेली पाने काढून टाकावीत. मात्र कोवळे देठ टाकू नयेत. माठाचा देठ चांगला रसाळ असतो. तो निबर झाला असल्यास त्याचे दोर काढून बोटभर तुकडे करावेत व ते डाळीत अथवा वेगळ्या भाजीत वापरावेत. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाविना पिकविलेल्या भाज्यांची जी मिश्र भाजी घरोघर होते, तिच्यात माठाचे हे जाड देठ मुद्दाम घालतात. जवळजवळ मसाला नसलेल्या त्या भाजीची चव बरीचशी या देठांनीच येते.

निवडल्यावर धुणे आणि धुतल्यावर चिरणे, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. पान चिरले की त्याच्या पेशी उघड्या पडतात. अशी चिरलेली भाजी पाण्यात खळबळून धुतल्यास फोलेट आणि क जीवनसत्त्व त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. धुण्याची रीतही महत्त्वाची आहे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात पाला बुडवावा, हाताने हलवावा आणि पाला वर उचलून घ्यावा. माती तळाशी बसते. पुष्कळ ठिकाणी पातेले तिरके करून पाणी ओततात, त्यामुळे तळाची माती पुन्हा पानांवर येते. असे तीन पाण्यांतून, आणि पावसाळ्यात चार पाण्यांतून, भाजी काढावी. जंतांची अंडी, किडी व औषधफवारणीचे पृष्ठभागावरील अंश यामुळे बऱ्याच प्रमाणात निघून जातात. तथापि शहराच्या कडेला सांडपाण्यावर वाढविलेल्या भाजीत शिसे, कॅडमियम यांसारखे जे जड धातू मुळांवाटे पानांत शिरलेले असतात, ते कितीही धुतले तरी जात नाहीत. अशी भाजी न घेणे हाच त्यावर इलाज आहे. ज्या गावांच्या शिवारातून नाल्याचे पाणी उपसून पालेभाज्या पिकविल्या जातात तेथील ग्रामपंचायतीने या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये.

पाला फार बारीक चिरू नये. जाडसर चिरला तरी तो लवकर शिजतो आणि उघडा पृष्ठभागही कमी राहतो. विळीवर असो वा सुरीने, चिरणे हे फोडणीच्या अगदी आधी करावे. सकाळी चिरून ठेवलेली भाजी दुपारी शिजविण्याची सवय नोकरी करणाऱ्या कुटुंबांत वाढली आहे. त्यापेक्षा भाजी रात्री निवडून, न चिरता ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवणे बरे.

कढई तापवून तेलात प्रथम ठेचलेली लसूण तांबूस करावी, मग मिरची, हवा असल्यास कांदा, आणि त्यानंतर देठांचे तुकडे घालावेत. देठ तीन-चार मिनिटे परतल्यावर पाला घालावा. सुरुवातीला तो कढईत मावणार नाही असे वाटते. दोन मिनिटांत तो आळतो आणि एक-दोन ओंजळींवर येतो. मीठ घालण्याची वेळ ही. पाल्याचा ढीग पाहून आधीच मीठ घातल्यास भाजी हमखास खारट होते, आणि खारट झालेली भाजी सुधारण्यासाठी तिच्यात पाणी घालून, ते पाणी पिळून टाकण्याचा प्रकारही काही ठिकाणी पाहावयास मिळतो. भाजीतील जे टिकवावयाचे तेच त्यामुळे फेकले जाते.

वेगळे पाणी घालण्याची गरज माठाला नसते. त्याच्या वजनाचा सुमारे साडेआठ-नऊ दशांश भाग पाणीच असतो आणि धुतल्यावर पानांवर राहिलेले थेंब निराळे. पहिली एक-दोन मिनिटे कढई उघडी ठेवावी, म्हणजे पानातील बाष्परूपाने बाहेर पडणारी आम्ले निघून जातात व हिरवा रंग काळपट होत नाही. नंतर ताट झाकून त्या ताटावर थोडे पाणी ठेवण्याची जुनी रीत फार समंजस आहे. वरचे पाणी ताट थंड ठेवते, आतील वाफ ताटाच्या खालच्या बाजूस लागून पुन्हा थेंबांच्या रूपाने भाजीवर पडते, आणि भाजी करपल्याशिवाय स्वतःच्याच रसात शिजते. पुष्कळ पाण्यात पालक उकडून ते पाणी ओतून दिले तर त्यातील फोलेट जवळजवळ निम्मे निघून जाते. वाफेवर शिजविल्यास ही घट फारच थोडी असते. आपल्या आज्यांना फोलेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण ताटावर पाणी ठेवावयाचे त्यांना ठाऊक होते. पाला घातल्यापासून सहा ते आठ मिनिटांत कोवळी भाजी होते. खोबरे किंवा कूट घालून एकदा हलवावी व खाली उतरवावी.

हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकण्याची पद्धत खानावळींतून आणि सामुदायिक स्वयंपाकांतून आढळते. रंग टिकतो हे खरे, पण सोड्याच्या क्षारपणामुळे क जीवनसत्त्व आणि ब-१ जीवनसत्त्व यांचा नाश होतो. सोडा अजिबात वापरू नये.

लोखंडी कढई वापरल्यास थोडेफार लोह भाजीत उतरते. पदार्थ आंबट व ओलसर असेल तर अधिक उतरते. मात्र आंबट भाजी लोखंडात ठेवून दिल्यास ती काळी पडते आणि तिला लोखंडाचा वास लागतो, म्हणून शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी. लिंबू कढईत न पिळता ताटातील भाजीवर पिळावे. उष्णतेत गेलेले क जीवनसत्त्व अशा रीतीने परत मिळते, आणि त्याच घासातील भाकरीचे लोह शोषले जाण्यास मदत होते. या उलट परिणाम चहाचा होतो. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय शेतमजुरांत, कार्यालयांत व शिक्षकांच्या खोलीतही सारखीच रूढ आहे. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. जेवण व चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे, हा बदल करण्यास एक पैसाही लागत नाही.

पालक, अळू आणि इतर

सर्व पालेभाज्यांना एकच नियम लागू पडत नाही. पालकात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते व ते कॅल्शियमला धरून ठेवते. त्यामुळे पालकातील कॅल्शियमचा फार थोडा अंश, साधारणपणे विसात एक भाग, शरीराला मिळतो. दुधातील कॅल्शियम याच्या पाचपट चांगले शोषले जाते. माठातही हे आम्ल आहेच. पालक उकडून पाणी टाकल्यास त्याचा काही भाग जातो, पण फोलेटही जाते, हे वर आलेच आहे. यातून मार्ग असा, की निरोगी माणसाने पाणी न टाकता शिजवावे आणि कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नये; शेवग्याचा पाला, नाचणी, तीळ यांच्याकडे पाहावे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच या भाज्या घ्याव्यात.

अळूच्या पानांत तेच ऑक्झॅलेट सुईसारख्या स्फटिकांच्या रूपात असते व घशाला खाज आणते. म्हणून अळू पुरता शिजवावा लागतो आणि त्यात चिंच किंवा आमसूल घालतात. येथे थोडक्या वेळात शिजविण्याचा नियम चालत नाही.

मेथी कडू म्हणून मीठ लावून पिळण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तो कडूपणा मुगाची भिजविलेली डाळ घातल्याने चांगला सौम्य होतो आणि डाळीची प्रथिनेही मिळतात. अंबाडी मुळातच आंबट असते. तिला मराठवाड्यात आणि विदर्भात तुरीची डाळ, तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या यांची जोड देऊन वरून लसणीची फोडणी ओततात. आंबटपणामुळे तिच्यावर लिंबाची गरज नाही. तांदुळजा हा माठाच्याच कुळातील आहे आणि माठाप्रमाणेच शिजतो. घोळ ही जमिनीलगत पसरणारी मांसल पानांची भाजी शेतात तण म्हणून उपटून टाकली जाते. तीच गोष्ट टाकळ्याची. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीवर तो माजतो, कोकणात त्याची कोवळी पाने खोबरे घालून आवडीने खातात आणि इतरत्र जनावरेही त्याला तोंड लावीत नाहीत.

शेवग्याच्या पाल्याचा उल्लेख वेगळा करावयास हवा. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व व तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. लोह साडेचार मिलिग्रॅमच्या जवळपास, आणि कॅरोटीन तर पालकापेक्षा कितीतरी अधिक. शेंगांसाठी प्रत्येक गावात दोन-चार झाडे असतात, त्यांचा पाला मात्र बहुधा शेळ्यांच्या वाट्याला जातो. कोवळी डहाळी एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीतून उलट दिशेने ओढली की पाने झरझर सुटतात. बारीक काड्या निवडून काढाव्या लागतात, नाहीतर त्या दातांत येतात व मुले भाजी बाजूला सारतात.

शंभर मुलांची कढई

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेखाली प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गात ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. तेल अनुक्रमे ५ ग्रॅम व साडेसात ग्रॅम. शंभर पट असलेल्या प्राथमिक शाळेला याचा अर्थ दिवसाला पाच किलो भाजी असा होतो. त्यातील निम्मी पालेभाजी ठेवावयाची म्हटले तर अडीच किलो निवडलेला पाला हवा. मेथीच्या जुडीचे वजन निवडल्यावर जवळजवळ निम्म्यावर येते, हे खरेदीच्या वेळी लक्षात न घेतल्यास कागदावर पाच किलो आणि कढईत तीन किलो अशी स्थिती होते. मग हिशेब बरोबर असूनही मुलांच्या वाट्याची भाजी कमी पडते. प्रमाण हे निवडलेल्या भाजीचे धरावे.

शाळेच्या खिचडीत बटाटा वारंवार दिसतो आणि पाला क्वचित, याचे कारण स्वयंपाकिणीचा आळस नव्हे. बटाटा चार दिवस टिकतो, दहा मिनिटांत चिरून होतो. पाला संध्याकाळपर्यंत मलूल होतो आणि त्याचे निवडणे सरता सरत नाही. दोन बायकांनी शंभर मुलांचा स्वयंपाक उरकावयाचा असता मेथीच्या वीस जुड्या त्यांच्यापुढे टाकणे व्यवहार्य नाही. म्हणून शाळेसाठी माठ, तांदुळजा, पालक यांसारख्या लवकर निवडून होणाऱ्या भाज्या आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी ठेवाव्यात. आदल्या संध्याकाळी आणलेला पाला सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. पाण्यात बुडवून ठेवू नये.

शिजविण्याचा क्रमही थोडा बदलावा लागतो. मोठ्या पातेल्यात पाला तांदूळ-डाळीबरोबर आरंभीच टाकला तर तो पाऊण तास शिजत राहतो. खिचडी किंवा वरण पुरते शिजल्यावर, जेवणाच्या घंटेपूर्वी दहा-बारा मिनिटे, चिरलेला पाला त्यात घालून झाकण ठेवावे. अन्नाच्या स्वतःच्या उष्णतेत तो शिजतो. तयार भाजी तास-दोन तास गरम ठेवून देण्यात क जीवनसत्त्वाचा पुन्हा ऱ्हास होतो, म्हणून उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी तापविण्याचा प्रश्नच येऊ नये. लिंबे शंभर लागत नाहीत; एका लिंबाच्या फोडीत दोन-तीन मुलांचे काम होते, आणि गावात लिंबाचे झाड असलेले घर सहसा सापडते. वरणात मिसळलेला पाला लहान मुले तक्रार न करता खातात, हा अनेक स्वयंपाकिणींचा अनुभव आहे. कोरडी भाजी त्यांच्यापुढे ठेवण्याची घाई करू नये.

पाला कोठून आणावा

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांतील पोषण परसबागांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पुष्कळ शाळांत अशा बागा झाल्या. त्यांपैकी काही उन्हाळ्याच्या सुटीत वाळूनही गेल्या. सुटीत पाणी कोण घालणार हे ठरविल्याशिवाय वाफे पाडणे निरर्थक आहे, आणि ही जबाबदारी शिक्षकांपेक्षा ग्रामपंचायतीला अधिक सहज उचलता येते. हातपंपाचे किंवा सार्वजनिक नळाचे वाहून जाणारे पाणी पाटाने वळवून दिले तर दोन-तीन वाफे वर्षभर हिरवे राहतात. मात्र भांडी धुतलेले साबणाचे पाणी व शौचालयाजवळचे पाणी पालेभाजीस देऊ नये.

माठ पेरल्यापासून चार आठवड्यांच्या आत काढणीस येतो आणि कडक उन्हातही तग धरतो. मेथीला थंडी मानवते. ती साधारण तेवढ्याच दिवसांत तयार होते. एकाच दिवशी सर्व बी न टाकता दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा पेरावा, म्हणजे एकदम पुष्कळ भाजी येऊन वाया जाणे आणि मग महिनाभर काहीच नसणे हे दोन्ही टळते. शेवग्याला कुंपणाच्या कडेला जागा द्यावी. त्याचे झाड उंच वाढू दिल्यास पाला हाती लागत नाही. शेंडा मारून ते कमरेइतके राखले तर बुंध्यातून फांद्या फुटत राहतात आणि मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर पाला मिळतो.

रानभाज्यांबाबत थोडी सावधगिरी हवी. कृषी विभागातर्फे अलीकडच्या वर्षांत पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाजी महोत्सव भरविण्यात येतात, त्यामुळे आदिवासी स्त्रियांचे हे ज्ञान इतरांपर्यंत पोचू लागले आहे. परंतु महोत्सवात पाहिलेली पाने नुसत्या आठवणीवर रानातून खुडून आणणे धोक्याचे आहे. काही रानभाज्या आंबट पाल्याबरोबर शिजविल्याखेरीज घशाला लागतात, काहींचे सारखेच दिसणारे विषारी भाऊबंद असतात. ज्या बाईला ती भाजी ठाऊक आहे तिच्याकडून ती ओळखून आणि शिजविण्याची रीत विचारूनच घ्यावी. शाळेच्या कढईत तर पूर्ण परिचित भाजीच घालावी.

हरभऱ्याचा कोवळा पाला शेंडे खुडण्याच्या निमित्ताने थंडीत मुबलक मिळतो. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात तो वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवण्याची प्रथा आहे. वाळवणीत क जीवनसत्त्व बहुतेक जाते. कॅरोटीन मात्र पाला उन्हात न टाकता सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरल्यास अधिक टिकते. शेवग्याचा पालाही असाच चार-पाच दिवसांत कुरकुरीत वाळतो. तो हाताने चुरून घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत ताजी भाजी महाग होते तेव्हा वरणात किंवा भाकरीच्या पिठात घरातील प्रत्येक माणसामागे चहाचा एक चमचा या प्रमाणात तो घालता येतो. त्यावर लिंबू पिळावे लागते, कारण त्या चुऱ्यात क जीवनसत्त्व उरलेले नसते.